पुलाखाली, तिसरा खांब

नाशिक, २४ ऑक्टोबर २०२५

खंडेराव,

इथे 'अनेक उत्तम आशीर्वाद' लिहायचं असतं. पत्र कसं लिहायचं ते तू पाचवीत असताना मीच तुला शिकवलं, वहीचं पान फाडून. आज आशीर्वाद लिहीत नाही. तुझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठी आहे, द्यायचे की नाही ते मी ठरवीन.

काल भाऊबीज झाली. ज्यांना भाऊ नाही त्या बाया चंद्राला ओवाळतात. मीही काल चंद्राला ओवाळलं. द्राक्षबागेचा मालक, दारात ट्रॅक्टर आणि गाडी, असा सख्खा भाऊ सायखेड्यात धडधाकट असताना मी घाटाच्या पायरीवर उभी राहून नखाएवढ्या चंद्राला ओवाळत होते. शेजारी भिमाबाई होती. ती म्हणाली, "चंद्र बरा गं लंका. तुझ्या भावासारखा फोन तरी कापत नाही."

फोनचं तिला माहीत आहे, कारण तिच्याच फोनवरून लावला होता. माझ्या नंबरावरून तुला लागत नाही हे मला जूनमध्येच कळलं. तिच्यावरून लागला. तू "हॅलो, कोण?" म्हणालास, मी "खंडू" म्हटलं आणि तू ठेवून दिलास. म्हणून आता पत्र. पत्र फाडता येतं, पण फाडायला आधी हातात घ्यावं लागतं.

तू गावात सांगितलंयस की लंकाक्का पुण्याला एका आश्रमात स्वयंपाकाला आहे, मजेत आहे. कळतं मला. सायखेड्याची माणसं भाजी घेऊन नाशिकला येतात आणि माणसांना तोंडं असतात. तर ऐक, मी पुण्याला नाही. मी इथे गंगेवर, गोदाघाटावर आहे. पुलाखाली, तिसऱ्या खांबाजवळ. खांबांवर कोणीतरी रंगाने आकडे टाकलेत, त्यामुळे पत्ता पक्का आहे. भिमाबाई आणि मी एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवर झोपतो. त्याच्या कपाळावर माझी उशी, हनुवटीवर तिचे पाय. एवढी सेवा त्याची त्याच्या कार्यकर्त्यांनी केली नसेल.

भिमाबाईने बावीस वर्षं एका ऑफिसात झाडूपोछा केला. ठेकेदार बदलला, काम गेलं, मागोमाग खोली गेली. माझं तुला माहीतच आहे. हे गेले, सातपूरची भाड्याची खोली मालकाने बिल्डरला दिली आणि मी दोन पिशव्या घेऊन माहेरी आले. माहेरी किती दिवस टिकले तेही तुला माहीत आहे.

पण मी भीक मागत नाही, हे ध्यानात ठेव. कुंदनशेठच्या कॅटरिंगमध्ये पोळ्या लाटते. एका लग्नाला आम्ही चार बाया मिळून दीड हजार पोळ्या काढतो. सकाळी सुलभमध्ये आंघोळ करते, पातळ घाटावर वाळवते, केसांना तेल लावते. कार्यालयात कोणाला कळत नाही मी कुठून आले. कळू देत नाही. शेठला सांगितलंय, हिरावाडीला भावाकडे राहते. बघ, खोटं बोलायलाही मला तूच सापडलास. कोणापुढे हात पसरलेला नाही आणि पसरणार नाही.

आता कामाचं. पंचवटीत एक खोली मिळते आहे. वर पत्रा आहे, पण दाराला आतून कडी आहे. आतून कडी, खंडू. सात महिने मी आतून कडी लावून झोपलेले नाही. पावसाळ्यात गंगेला पाणी सोडलं, घाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेपर्यंत चढलं, तेव्हा आम्ही आठवडाभर एका दुकानाच्या फळीवर बसून काढला आणि दुकानदार रोज सकाळी आमच्या अंगावरच पाणी मारून पायरी धुवायचा. तर ती खोली मला पाहिजे. भाडं मला जमतंय, तुझ्याकडे एक पैसा मागत नाही. घरमालकीण एवढंच म्हणाली, "एकट्या बाईला द्यायची तर घरच्या माणसाने येऊन सांगावं, ही आमची म्हणून."

रविवारी, दोन तारखेला, सकाळी दहाला ये. चहा पी. "ही माझी बहीण" एवढं म्हण आणि जा. तीन शब्द आहेत.

हे तीन शब्द तुला जड जातात. मार्चमध्ये स्नेहलला बघायला पाहुणे आले तेव्हाही गेले होते. मी पोह्यांच्या बशा घेऊन बाहेर आले. मुलाच्या मामाने विचारलं, "ह्या कोण?" तू दाराकडे बघत म्हणालास, "आमच्याकडं कामाला हायेत." स्नेहलने मान खाली घातली. तुझी बायको पदर सावरत बसली. आई आत खाटेवर होती, तिने ऐकलं की नाही देव जाणे. मी काय केलं आठवतंय? मामाला विचारलं, "लिंबू पिळू का?" सगळ्या बशा धुतल्या, कामाची बाई बशा धुणारच. आणि संध्याकाळच्या एसटीने निघाले. का, तर पोरीच्या आत्याला घर नाही, आत्या माहेरी पिशव्या घेऊन पडली आहे, हे कळलं तर सोयरीक मोडेल. सोयरीक तरी मोडलीच म्हणे. बरं झालं असं म्हणणार नाही. पोरीचा त्यात काय दोष?

आप्पा गेले तेव्हा तू मला निबंधकाच्या कचेरीत नेलं होतंस. हक्कसोड. बहिणीने बापाच्या जमिनीतला वाटा सोडायचा आणि बदल्यात माहेर राखायचं. तू डोळे पुसत म्हणालास, "आक्का, जमीन माझी, पण माहेर तुझं. दार कायम उघडं." मी वाचलंसुद्धा नाही, सही केली. आपल्याकडे कोणती बहीण वाचते?

रविवारी ये. उत्तर द्यायचं तर कुंदनशेठच्या पत्त्यावर दे, खाली लिहिलाय. आईला सांग लंकाने विचारलंय. कान गेले असतील तर हात धरून सांग.

लंका

नाशिक, १२ नोव्हेंबर २०२५

खंड्या,

आला नाहीस.

घरमालकिणीने तीन कप चहा ठेवला होता. सोनेरी काठाचे, फुलाफुलांचे कप. तुझ्या कपावर बशी झाकली. सव्वादहा झाले, अकरा झाले. मी म्हणत होते, "वाटेत गाडी अडकली असेल. ऊस-कांद्याचे ट्रॅक्टर लय असतात हो रस्त्याला." तुझी बाजू घेत बसले होते तिथे, मूर्खासारखी.

बाई चांगली वाटत होती. पुतण्याच्या लग्नात माझ्या हातच्या चार पोळ्या खाल्ल्या म्हणून सांगत होती. "अशी मऊ पोळी मी आयुष्यात खाल्ली नाही," म्हणाली. तेवढ्यात तिची सून आली. ती रोज पहाटे घाटावर चालायला जाते. माझ्याकडे बघत राहिली आणि सासूला आत बोलावलं. पण भिंती पातळ. "अहो आई, ही पुलाखालची आहे. रोज बघते मी हिला."

बाई बाहेर आली ती वेगळीच बाई. आधी मी बसले होते त्या चादरीकडे बघितलं. मग तोंडाला पदर लावून म्हणाली, "म्हणजे त्या पोळ्या..." ओकारी आल्यासारखं केलं बघ तिने. सहा महिन्यांपूर्वी खाल्लेल्या पोळीची ओकारी!

मी म्हटलं, "पोळ्या कणकेच्या होत्या, बाई. पुलाच्या नव्हत्या."

"तसं नाही हो. पण माणसाला काही घरदार, मागंपुढं कोणी... आता तुमचा भाऊसुद्धा आला नाही. खरा भाऊ आहे तरी का?"

तूच सांग. उठले. दारापर्यंत गेले तर मागून म्हणाली, "तो कप घेऊन जा. राहू द्या तुम्हालाच." मी प्यायलेला कप तिला परत नको होता. मला वाटलं तिथेच आपटावा. नाही आपटला. चांगला कप आहे, मी का फोडू? आता आम्ही दोघी त्यातच चहा पितो, आळीपाळीने.

तिसऱ्या दिवशी कुंदनशेठने बोलावलं. तिने फोन केला होता. "मावशी, माझं काही नाही हो," म्हणाला, "तुमच्या पोळीला तोड नाही. पण पार्टीला कळलं तर ऑर्डर जाईल. लोक ऐकत नाहीत." तुळशीचं लग्न लागलं, माणसांच्या लग्नांची रांग लागलीय, त्याला बाया मिळत नाहीत, आणि मला काढलं. मी विचारलं, "शेठ, घरात झोपणाऱ्या बाईच्या हाताला काय अत्तर लागतं का?" तो मान खाली घालून नखं बघत बसला. परवा भिमाबाई त्याच्या एका लग्नात भांडी घासायला होती. म्हणाली, पोळ्या अशा निघाल्या होत्या की लोक पापड समजून मोडत होते. मला फार बरं वाटलं. कोण म्हणतं दुसऱ्याच्या वाईटावर बरं वाटू नये?

तुला कळत नाही खंड्या, घर गेलं की फक्त घर जात नाही. कालपर्यंत मी लंकाबाई होते, मावशी होते, सातपूरची वहिनी होते. आता बाया मला बघून पर्स काखेत घट्ट धरतात. एक जण आपल्या लेकराला म्हणाली, "अभ्यास नाही केलास तर असं व्हायचं." मी दहावीला गावात पहिली होते! तुझा अभ्यास मी घेतला! हे काय गळ्यात पाटी घालून फिरू? थंडी सुरू झाली की पोरं ब्लँकेट वाटायला येतात. ब्लँकेटाचं एक टोक माझ्या हातात, दुसरं त्यांच्या हातात, आणि फोटो नीट निघेपर्यंत सोडत नाहीत. "मावशी, जरा इकडे बघा ना. हसा थोडं." मी म्हटलं, "घेऊन जा तुझं ब्लँकेट, तुलाच थंडी वाजतेय." आणि मग दिवसभर कुडकुडले. माज आहे माझा, आहे. तेवढाच राहिलाय.

तू म्हणशील, मी काय केलं? मी फक्त आलो नाही. अरे, काही न करता माणसाची किती वाट लावता येते ते तुझ्याकडून शिकावं.

कुंदनशेठच्या पत्त्यावर आता उत्तर पाठवू नकोस. आणि माझी पाकिटं न उघडता चुलीत घालत असशील तर यापुढे पोस्टकार्ड लिहीन. ते पोस्टमनपासून चहाच्या टपरीपर्यंत सगळं गाव वाचतं.

लंका

नाशिक, २२ जानेवारी २०२६

आई गेली हे मला कोणी सांगितलं, माहीत आहे? तुझ्या तुळतुळीत डोक्याने.

थांब. आधी माझं सांगते, मग तुझं. पहिल्या पत्रात मी लिहिलं होतं, हात पसरणार नाही. पसरला. डिसेंबरपासून पसरते. चार कॅटरर फिरले, सगळ्यांना कुंदनशेठने आधीच सांगितलेलं. रामकुंडावर लोक दहाव्याचे विधी करायला येतात आणि झाल्यावर ओळीत बसलेल्यांना जेवण वाढतात. मी त्या ओळीत बसते. पदर नाकापर्यंत ओढून बसते, कोणी ओळखू नये म्हणून. भिमाबाई तोंड उघडं ठेवून बसते. म्हणते, "लाज त्यांना वाटू दे, मला कशाला?"

मंगळवारीही तशीच बसले होते. पलीकडे एका मोठ्या घरचं दहावं चाललं होतं. पाठमोरी माणसं, दोन-तीन मुंडण केलेली डोकी, बाजूला माईकवर प्रवचन. पिंड ठेवून बराच वेळ झाला तरी कावळा शिवेना. माणसं एकेक करून पुढे होऊन शब्द देत होती, माईकमुळे इथपर्यंत ऐकू येत होतं. "बागेचं नीट बघू." "नातीचं लग्न थाटात करू." "गाय विकणार नाही." कावळे समोरच्या कळसावर बसलेले, एकही हलेना.

मी हसले, खंडू. मी भिमाबाईला कोपराने ढोसलं आणि म्हटलं, "कोणाची तरी म्हातारी लय हट्टी दिसते." ती म्हणाली, "आमच्यात नाही बाई हे कावळ्याचं. गेलं माणूस तर गेलं. पण ही म्हातारी काहीतरी मागतीय खरं." मी म्हटलं, "काही मागत नाही. इथले कावळे माजलेत. रोज पन्नास पिंड बघतात, कोणाकोणाला शिवतील?" आम्ही दोघी तोंडाला पदर लावून हसलो. शेवटी ब्राह्मणाने दर्भाचा कावळा करून शिववला आणि उरकलं.

मग वाढायला सुरुवात झाली. पुरी, भाजी, बुंदी. मी खाली मान घालून पत्रावळ धरली होती. समोर पाय आले. डाव्या पायाचा अंगठा वाकडा. तो अंगठा नांगराच्या फाळाने कसा वाकडा झाला आणि हळद दाबून त्या पायाला कोणी धरून ठेवलं होतं, ते मला विचारायची गरज नाही. मी वर बघितलं. तू होतास. डोकं तासलेलं. तुझ्या मागे टेबलावर हार घातलेला फोटो. आईचा.

आणि मी हसले होते.

तू वर बघितलं नाहीस. तुझा पळा माझ्या पत्रावळीवर थांबला. मी मोजायला बसले नव्हते, पण बाकी सगळ्यांना एक पळा बुंदी, मला तू तीन घातलीस. म्हणजे ओळखलंस. तीन पळे बुंदी घातलीस आणि शेजारच्या पत्रावळीकडे सरकलास. "घ्या बाबा, पोटभर घ्या," असं भिमाबाईच्या पलीकडच्या म्हाताऱ्याला म्हणालास. त्याच्याशी बोललास. माझ्याशी नाही.

मी का ओरडले नाही, हे दोन दिवस स्वतःला विचारतेय. ओरडायला हवं होतं. "खंड्या, माझी आई मेली आणि मला पुरीभाजी वाढतोस?" असं माईकवर ऐकू जाईल इतक्या जोराने ओरडायला हवं होतं. पण तुझ्यामागे स्नेहल उभी होती पाण्याचा जग घेऊन. सगळी भावकी होती. आणि मी कोण होते तिथे? ओळीतली एक बाई. ओळीतल्या बाईने असं काही म्हटलं तर लोक काय म्हणतात माहीत आहे? वेडी आहे. हाकला.

बुंदी मी खाल्ली. भिमाबाईला तोवर सगळं कळलं होतं, तिने माझी पाठ धरली आणि म्हणाली, "खा. आईचं आहे." सगळी खाल्ली.

तुम्ही गेल्यावर मी पिंडाच्या जागेवर गेले. तुला वाटेल आता ही लिहील, मी गेले आणि कावळा आला. नाही आला. झाडूवाला आला आणि त्याने सगळं लोटून नेलं. मी त्याच्या मागे दोन पावलं चालले आणि थांबले.

सायखेड्याला गंगा आटली होती का रे? हीच तर नदी आहे. मी सकाळी इथे तोंड धुते तेच पाणी पुढे तुझ्या मळ्याला येतं. पण नाही, तुला मिरवायचं होतं. गाड्या भरून भावकी, माईक, प्रवचनकार. गावच्या घाटावर गपचूप केलं असतंस तर मला कधी कळलंही नसतं. पुढची दहा वर्षं मी "आईला सांग" असं लिहीत बसले असते. तुझ्या मिरवण्याने मला आईचं मरण कळलं.

तिने शेवटी माझं नाव घेतलं का? फक्त हो की नाही एवढं तरी कळव.

ल.

नाशिक, १० मार्च २०२६

खंडू,

रविवारी तू स्वतः आलास. आधी आपला चुलतभाऊ जयराम आला, खांब मोजत. "लंकाक्का आहे का?" मग त्याच्यामागून तू. गाडी लांब, मंदिराच्या बाजूला लावलेली. पुलाखाली वाकून आलास आणि माझ्या पाया पडलास. डोक्याला थोडे केस आलेत, आप्पांसारखा दिसतोस. मला भडभडून आलं, खोटं कशाला बोलू? मी तुझ्या डोक्यावरून हात फिरवला.

भिमाबाई शेजारी बसली होती. तिने विचारलं, "कोण हे?" आणि तू पटकन म्हणालास, "ही माझी बहीण. सख्खी बहीण."

बघ, किती सोपं होतं. इतके महिने ज्या तीन शब्दांसाठी मी पत्रं लिहिली, ते तू खांबापुढे बोललास. भिमाबाईसमोर, जिला हे आधीच माहीत आहे. जयरामसमोर, ज्याच्या बारशाला मी होते.

मग पिशवीतून साडी काढलीस, आणि साडीखालून कागद.

विहिरीचा तुकडा आईच्या नावावर होता हे मी विसरलेच होते. आता वारस लागणार. तू आणि मी. माझं नाव तलाठी लावणारच, सगळ्या गावाला माहीत आहे बायडाबाईला दोन लेकरं. ते नाव काढायला माझी सही लागते. पुन्हा हक्कसोड. "फक्त सही, आक्का. आप्पांच्या वेळेला दिली तशी. मग मी तुझ्या खोलीचं बघतो."

यावेळी मी वाचलं. तू रस्त्याकडे बघत होतास, मी चष्मा पुसून सगळं वाचलं. 'लिहून देणार: लंकाबाई, वय ५८, राहणार पुणे.' पुणे! सरकारी कागदावरसुद्धा तुला मी पुण्यालाच पाहिजे. आणि जयराम वर म्हणतो, "नोंदणीच्या दिवशी ही साडी नेसून ये आक्का. तिथं वळखीची मानसं असत्यात. बरं दिसत नाय."

तरी मी तुला शिवी दिली नाही. वाचते आणि कळवते म्हटलं. दोन दिवस विचार केला. भिमाबाई म्हणते, सही देऊ नको, वाटा घे, भांड. मला भांडायचं नाही. मला जमीन नको. मी म्हातारी, विहिरीचा तुकडा घेऊन काय पेरू? मला ती खोली हवी आहे, अजून रिकामी आहे, मालकिणीची सून मला घाटावर बघून तोंड फिरवते, तरी येता-जाता मी दाराचं कुलूप बघून ठेवते. मला कुंदनशेठच्या पोळपाटासमोर बसायचंय. पाठ ताठ ठेवून.

म्हणून माझं म्हणणं लिहिते. सगळी विहीर, सगळा तुकडा तुझा. आधी एक काम कर. माझ्याबरोबर त्या घरमालकिणीकडे चल. कुंदनशेठकडे चल. दोघांसमोर, दिवसाढवळ्या, मोठ्याने म्हण, ही माझी बहीण. मी ही साडी नेसून येईन हवं तर. तिथून सरळ कचेरीत जाऊ आणि मी सही करीन. तीन शब्दांना अर्धी विहीर, एवढा स्वस्त सौदा तुला निफाड तालुक्यात मिळणार नाही.

आई काय म्हणाली शेवटी ते तू रविवारीही सांगितलं नाहीस. मी विचारलं तेव्हा गाडीची किल्ली शोधत होतास.

पाडव्यापर्यंत वाट बघते.

आक्का

पोस्टकार्ड
२० मार्च २०२६

खंडेराव यास,

काल पाडवा झाला. जयराम सकाळीच तुझा निरोप घेऊन आला. "आधी सही, मग बाकीचं. दादा म्हनतो, लोकांच्या दारात जाऊन वळख देत फिरायला मला काय येळ हाय का." मी ऐकून घेतलं. साडी त्याच्याच हाती परत पाठवली आहे, बघून घे.

सांगितल्याप्रमाणे हे कार्ड उघडं लिहिते आहे. पोस्टमनदादा, तुम्ही वाचलंत तरी चालेल. स्नेहल, बाळ, तूही वाच. मी पुण्याला नाही. कधीच नव्हते.

सही देणार नाही. आज नाही, कधीच नाही. वाटाही मागणार नाही. विहिरीचं पाणी तूच घे, पीक तूच काढ, मी बांधावर पाय ठेवणार नाही. पण सातबाऱ्यावर तुझ्या नावाखाली माझं नाव राहील. कागदावर पुणे खोडून नीट लिही: राहणार नाशिक, गंगाघाट, पुलाखाली, तिसरा खांब.

तुला कर्ज काढायचं असेल तेव्हा उतारा लागेल. मोटारीचं कनेक्शन घेशील तेव्हा लागेल. दर वेळी कोणीतरी साहेब बोट ठेवून विचारील, ह्या लंकाबाई कोण?

तेव्हा वर बघून सांग.

लंका